पाऊण तास कुठे गेला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. दर पालकसभेत हा प्रश्न येतोच. "बाई, पुस्तक आहे, गाईड आहे, मग इंटरनेटवरून भरतीच्या वेळा काढून पोरांना आलेख कशाला काढायला लावता? बोर्डात येतं का हे?" गेल्या खेपेला एका नाखवांनी त्यात भर घातली, "भरती तर त्याला घरीच कळते."

कळते, हे खरंच आहे, आणि म्हणूनच मी तिथून सुरुवात करते. दापोली तालुक्यातल्या आमच्या किनाऱ्यावरच्या शाळेत नववी-दहावीच्या वर्गात निम्म्या मुलांच्या घरी होडी आहे किंवा कोणी ना कोणी हर्णै बंदरात कामाला आहे. तिथीला पाऊणनं गुणायचं की पूर्ण भरतीची वेळ मिळते, हे त्यांना आजोबांकडून आलेलं असतं. चार पाऊण तीन, म्हणून चतुर्थीला तीन वाजता. आठ पाऊण सहा, म्हणून अष्टमीला सहा वाजता. पाऊणकीचा पाढा आता शाळेत कोणी म्हणत नाही, पण किनाऱ्यावर तो अजून जिवंत आहे. हे चक्क दोन चलांतलं रेषीय समीकरण आहे. तिथी क्ष, वेळ य, आणि रेषेचा चढ पाऊण. दहावीच्या निर्देशक भूमितीत मुलं 'चढ' हा शब्द पाठ करतात. त्या शब्दाला ओल्या वाळूचा वास आहे, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

मी करते ते एवढंच. भारतीय सर्वेक्षण विभाग भरती-ओहोटीची भाकितं प्रसिद्ध करतो, हैदराबादची इन्कॉइस ही संस्थाही ती देते. त्यातल्या एका पंधरवड्याच्या वेळा मी आदल्या रात्री उतरवून घेते. वर्गात रेंज मिळेल याच्या भरवशावर मी कधीच राहत नाही. सकाळी कागद वाटायचे, शेजारी कालनिर्णयातली तिथी लिहायची आणि आलेखकागदावर ठिपके द्यायचे. संगणक मोकळा मिळाला तर तेच आकडे गुगल शीटमध्ये किंवा जिओजेब्रात घालतो, पण पहिला आलेख हातानंच काढायचा. ठिपका देताना जी थांबायची वेळ येते, ती मला हवी असते. गणित सोडवून दाखवणारे व्हिडिओ मी वर्गात लावत नाही. त्यात मुलं बघत बसतात, करत काही नाहीत.

एका वर्षी माझी मोठी चूक झाली. एका परदेशी संकेतस्थळावरून वेळा घेतल्या आणि तपासल्या नाहीत. ठिपके सुरेख रेषेत आले, मी खूश. मागच्या बाकावरचा एक मुलगा कागदाकडे बघून म्हणाला, "बाई, ह्या वेळेला खाडीत पाणीच नसतं. बाबांची होडी तेव्हा चिखलात असते." त्याचंच बरोबर होतं. त्या वेळा आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेच्या होत्या, आपल्याहून साडेपाच तास मागे. भरतीपासून ओहोटी साधारण सव्वासहा तासांवर, म्हणजे माझा प्रत्येक ठिपका जवळजवळ ओहोटीवर पडला होता. त्या दिवसापासून फळ्यावर आधी तीन गोष्टी लिहितो: आकडा कुठला, कोणी मोजला, कोणत्या वेळेचा.

आता बोर्डाबद्दल. चढ येतो, समीकरणं येतात, मध्य, मध्यक, बहुलक येतात. पावसाळ्यात आम्ही कोकणातल्या तालुक्यांचा रोजचा पाऊस घेतो. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटरवर १ लिटर पाणी, हे कळलं की मुलं आपणहून शाळेच्या पत्र्याचं क्षेत्रफळ काढतात. एखाद्या दिवशी एकाच तालुक्यात २०० मिलिमीटरच्या वर पडला की मध्य कसा वर ओढला जातो आणि मध्यक कसा जागेवर राहतो, हे वेगळं समजावावं लागत नाही. जुलै २०२१ मध्ये चिपळूणमध्ये पाणी शिरलेलं ज्यांच्या नातलगांनी पाहिलं, त्यांना हे आकडे नुसते आकडे वाटत नाहीत.

पण मला सांगायचंय ते यंदाच्या दहावीबद्दल. मुंबईच्या वेळा घेतल्या होत्या. (रत्नागिरीच्या घेतल्या तर रेषा जवळपास समांतर, फक्त खाली सरकलेली, कारण भरती दक्षिणेकडून वर येते आणि रत्नागिरीला आधी पोचते.) अमावास्येला भरती दुपारी बाराच्या सुमाराला, पौर्णिमेला पुन्हा रात्री बाराच्या सुमाराला. म्हणजे १५ तिथींत वेळ पुरी १२ तास सरकली. पाऊणकीनं मात्र पंधरा पाऊण सव्वाअकरा. मग उरलेला पाऊण तास कुठे गेला?

बारा भागिले पंधरा, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटं. एकीनं विचारलं, भूगोलात ५० लिहिलंय, ते चूक का? चूक नाही. आजच्या भरतीपासून उद्याची तीच भरती २४ तास ५० मिनिटांनी येते, आणि तिथी सरासरी २३ तास ३७ मिनिटांची. त्या प्रमाणात ५० लहान केले की ४८ येतात. त्रैराशिकच.

तरी ४५ आणि ४८ मधला फरक राहिलाच. "आजोबांचा नियम चुकला," असं वर्गातून आलं. मी म्हटलं, ठिपके बघा. अमावास्येनंतर, उधाणाच्या दिवसांत, ते पाऊणच्या रेषेला धरून चालले होते. अष्टमी ओलांडली, भांग, म्हणजे लहान भरतीचे दिवस, लागला, आणि ते एकदम वर उचलले. त्या दिवसांत भरती रोज तासाहूनही जास्त उशिरा येत होती.

विचारणारी मुलगी तो आलेख घरी घेऊन गेली. आजोबांनी चष्मा लावून पाहिला आणि म्हणाले, "भांगात आम्ही पाऊण धरत नाही, तास धरतो." नियमाचा हा दुसरा अर्धा भाग तिनं कधी विचारलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिनं फळ्यावर मांडलं. पाऊण तासाच्या तिथी क्ष, तासाच्या तिथी य. क्ष अधिक य बरोबर १५. पाऊण क्ष अधिक य बरोबर १२. दहावीचं पहिलंच प्रकरण, एकसामयिक समीकरणं. एकातून दुसरं वजा केलं, पाव क्ष बरोबर ३, म्हणून क्ष १२ आणि य ३. बारा तिथी पाऊण तासाच्या, तीन तिथी भांगाच्या. नऊ तास आणि तीन तास, बारा. हिशेब ढोबळ आहे, खरे ठिपके दोन्ही रेषांच्या थोडे इकडेतिकडे पडतात, तेही आम्ही मोजलं. पण वर्ग इतका वेळ गप्प मी क्वचित पाहिलाय.

येत्या अष्टमीपासून चार दिवस आम्ही जेटीच्या खांबावर खुणा करून पाणी स्वतः मोजणार आहोत. पहिल्या दिवशी भरती संध्याकाळी सहाच्या आसपास, पुढे रोज उशिरा, त्यामुळे मुलांना घरी यायला अंधार होईल. आजोबा येतायत. तुमच्यापैकी कोणाला यायचं असेल तर बॅटरी घेऊन या.