चतुर्थीनंतरचं पहिलं मासळीचं ताट

शनिवार, रात्री अकरा

आज पुन्हा कोपऱ्यावरच्या जुन्या तावेर्नात, म्हणजे दारूच्या गुत्त्यात, जेवून आलो; आता तिथे ताटभर जेवण मिळतं. श्रावण झाला, मागोमाग चतुर्थी, पाहुणे, पातोळ्या, खतखतं. आमच्याकडचं शिवराक, म्हणजे शाकाहारी, जेवण मला मनापासून आवडतं, पण गणपती पोचवून आलं की जीव मासळीसाठी कासावीस होतो. सासूबाईच म्हणाल्या, "आज चूल नको. कोपऱ्यावर जाऊया." पणजीच्या मळा भागातलं आमचं घर ते ही जागा, वाट पाच मिनिटांची.

मालकीण दारातच उभी होती. "चवथ बरी जाली?" एवढंच विचारलं आणि आम्ही बोलायच्या आत खिडकीजवळचं टेबल पुसायला घेतलं. सासूबाईंना गार वारा सोसत नाही, म्हणून त्यांच्या डोक्यावरचा पंखाही बंद केला. हे तिला कोणी सांगावं लागलं नाही.

जेवण सांगते, कारण आजचं जेवण लिहून ठेवण्यासारखंच होतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. आता होड्या जाऊ लागल्याला महिना उलटलाय, त्यामुळे बांगडा ताजा, लखलखीत. आम्ही तो दोन तऱ्हांनी मागवला. एक रेचाद: लाल मसाला पोटात दाबून भरलेला, त्याला माडीच्या व्हिनेगरचा आंबटपणा. दुसरी उडीदमेथी. उडीद आणि मेथी तेलात भाजून खोबऱ्याबरोबर वाटलेली, मेथीचा कडसरपणा अगदी शेवटी जिभेवर येणारा, आणि मोसम असल्यामुळे चिंचेऐवजी आंबाडे, ती आंबट फळं. एक किरिस्तावांच्या घरातलं, एक आमच्या. आमच्या वाड्यात, म्हणजे वस्तीत, ही दोन स्वयंपाकघरं भिंतीला भिंत लागून पिढ्यान्‌पिढ्या आहेत, पण दोन्हीकडचं एका टेबलावर मागता येईल अशी जागा मला इतकी वर्षं जवळपास मिळाली नव्हती. उडीदमेथी मालकीण शेजारच्या काकींकडून शिकली. सासूबाईंनी रस्सा संध्याकाळच्या पोईने, आमच्या गोव्याच्या पावाने, पुसून घेतला आणि म्हणाल्या, "मेथी करपवली नाही हिने." त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी मी ऐकलेली नाही.

चोरीसचा, म्हणजे डुकराच्या मांसाच्या मसालेदार सॉसेजचा, नवा प्रकार मात्र नाही आवडला. वर चीज वितळवलंय, त्याने चोरीसचा झणका मरतो. मालकिणीला तसं सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

पूर्वी हे तिच्या वडिलांचं तावेर्न होतं. बाबांना बोलवायला आई मला पाठवायची तेव्हा मी पायरीखाली उभी राहून हाक मारायची. आत बायका जात नसत. आत काजू फेणीचा वास, उकडलेली अंडी, कधी तळलेला मासा. १९९१ साली लंडनच्या क्लार्कनवेलमधल्या 'द ईगल'ने पबमध्ये नीट रांधलेलं जेवण द्यायला सुरुवात केली आणि तिथून गॅस्ट्रोपब जगभर गेले, असं ह्यांनी मला सांगितलं. असेल. आमच्या तावेर्नांत पेल्याबरोबर काहीतरी खायला मिळायचंच. या मुलीने ते ताटभर केलं आणि पायरीखालच्या बायकांना आत बसवलं.

आणि तिने म्हाताऱ्यांना उठवलं नाही, हे मला सगळ्यात मोठं वाटतं. काउंटरला लागून असलेला बाक तसाच आहे. आठच्या सुमारास तिघे-चौघे येतात, छोट्या पेल्यातून फेणी घेतात, कोऱ्या करकरीत मेनूकडे बघतही नाहीत. त्यांचा पेला महाग केलेला नाही. ह्यांनी मुद्दाम विचारलं. २००९ मध्ये काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तिचे भाव आणि बाटल्या दोन्ही नटले, तरी त्या बाकावर ती गर्राफांवातूनच, म्हणजे जुन्या मोठ्या काचेच्या बुधल्यातूनच, येते. शेजारच्या फोंताइन्हास या जुन्या वस्तीत रंगीत भिंतींपुढे फोटो काढणाऱ्यांची गर्दी वाढत गेली तसतशी आमच्या माणसांची बसायची ठिकाणं एकेक करून गेली. शिंप्याचं दुकान गेलं, सोड्याचं गेलं. म्हणून तो बाक टिकावा असं मला फार वाटतं, आणि तो टिकायचा तर आपण वाड्यातल्यांनी तिथे जेवायला जायला हवं, नुसतं कौतुक करून भागणार नाही.

निघताना मालकीण म्हणाली, शनिवारी उडीदमेथी नऊपर्यंत संपते. पुढच्या खेपेला जाऊबाई मडगावहून येणार आहेत, तेव्हा साडेसातलाच निघायचं. सासूबाईंनी आत्तापासून सांगून ठेवलंय, त्यांना दोन बांगडे.