डब्यातलं सॉफ्टवेअर, भाड्याचं सॉफ्टवेअर: आमच्या स्टुडिओची वाटचाल

आमचा स्टुडिओ चिपळूणच्या बाजारपेठेत आहे. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या आण्णांनी, तो 1984 साली सुरू केला. मी 2001 मध्ये लग्न होऊन या घरात आले तेव्हा मागच्या खोलीत डार्करूम होती आणि हायपोचा, म्हणजे फोटो पक्का करायच्या रसायनाचा, वास थेट स्वयंपाकघरापर्यंत यायचा. आण्णांची खरी ख्याती मात्र रिटचिंगची. उतरत्या फळीवर 120 च्या फिल्मची निगेटिव्ह ठेवायची, खालून आरशाने उजेड घ्यायचा आणि सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीने चेहऱ्यावरचे खड्डे भरायचे. खड्ड्याची सावली निगेटिव्हमध्ये फिकी असते. तिथे पेन्सिल फिरली की प्रिंटमध्ये ती जागा उजळते. हे काम सुरू करण्याआधी ते गिऱ्हाइकाला न चुकता विचारायचे, "वण ठेवू की काढू?" कुणी "काढा" म्हणायचं, कुणी "राहू द्या" म्हणायचं. उत्तर पाकिटावर लिहून ठेवलेलं असे.

2002 मध्ये पहिला कॉम्प्युटर आला आणि त्यावर फोटोशॉप 7. ज्याने कॉम्प्युटर विकला त्यानेच विनापरवाना कॉपी टाकून दिली. तालुक्याच्या गावांत तेव्हा सर्रास तसंच चालायचं, आणि आम्हालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आज वाटतं. त्या आवृत्तीत हीलिंग ब्रश नवीन होता. पुटकुळीवर ब्रश ठेवला की आजूबाजूच्या त्वचेचा पोत आपोआप तिथे बसायचा. आण्णा माझ्या खुर्चीमागे उभे राहून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "शिकून घे."

मराठी अक्षरांनी मात्र रडवलं. युनिकोडमध्ये 'चि.' लिहिलं की पहिली वेलांटी 'च'च्या डावीकडे न बसता उजवीकडे जाऊन बसायची, आणि लग्नाचा अल्बम तर 'चि.'पासूनच सुरू होतो. म्हणून श्रीलिपी या युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टचा कळफलक शिकले. पुढची कित्येक वर्षं अल्बमची सगळी नावं त्याच फॉन्टमध्ये गेली. ही गोष्ट पुढे नव्या सॉफ्टवेअरचा निर्णय घेताना आडवी आली.

2012 मध्ये लोटे औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचं कायमचं काम मिळालं. आता सगळं रीतसर हवं असं ठरवून फोटोशॉप सीएस6 चा डबा विकत घेतला. एकदा पैसे मोजले की सॉफ्टवेअर आपलं. पुढच्याच वर्षी, मे 2013 मध्ये, फोटोशॉप बनवणाऱ्या अडोबी कंपनीने जाहीर केलं की यापुढे डबा नाही, जे काही नवीन येईल ते भाड्याने. आम्हाला त्याचं काही वाटलं नाही. आमचा डबा आमच्याकडे होता आणि काम चोख चालत होतं.

अडचण आली ती कॅमेऱ्याकडून. 2019 मध्ये यजमानांनी कॅननचा मिररलेस कॅमेरा घेतला. त्याच्या रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेल्या कच्च्या फाइल, सीआर3 प्रकारच्या, आणि सीएस6 ला त्या उघडताच येत नाहीत. अडोबीचं डीएनजी कन्व्हर्टर फुकट मिळतं, त्यातून आधी प्रत्येक फाइल सीएस6 ला उघडता येईल अशा डीएनजी प्रकारात बदलून घ्यायची आणि मग कामाला लागायचं. एका लग्नाच्या तीन हजार फाइल रात्री लावून झोपायचं आणि सकाळी उठून बघायचं किती झाल्या. एखाद्या रात्री वीज गेली की सकाळी पुन्हा पहिल्यापासून. यजमान म्हणायचे, "घेऊन टाकू नवीन." मी म्हणायचे, भाडं सुरू केलं की थांबवता येत नाही. आमच्या हिशेबात ते दर महिन्याला पासपोर्ट फोटोची वीसेक पाकिटं होतं. पावसाळ्यात कधी कधी दोन आठवड्यांतही तेवढी पाकिटं जात नाहीत.

मग 22 जुलै 2021 उजाडला. वाशिष्ठी आणि शिवनदीचं पाणी रात्रीतच बाजारपेठेत शिरलं. लॅपटॉप आणि हार्डडिस्क तेवढ्या यजमानांनी वरच्या मजल्यावर नेल्या. खालचे दोन्ही कॉम्प्युटर, प्रिंटर, लॅमिनेशन मशीन, सगळं पाण्यात गेलं. पाणी ओसरल्यावर चिखलातून सीएस6 चा डबा काढला, तेव्हा पुठ्ठ्याचा लगदा झाला होता. सीरियल नंबर मी हिशेबाच्या वहीत लिहिला होता आणि वही वर होती. डीव्हीडी साध्या पाण्याने धुतली, मऊ फडक्याने मधून कडेकडे पुसली आणि पुढच्या महिन्यात घेतलेल्या जुन्या वापरलेल्या कॉम्प्युटरवर लावली. चालली! त्या दिवशी मला रडू आलं हे इथे लिहायला संकोच वाटत नाही.

त्यानंतर लोक फोटो घेऊन यायला लागले. दुकानात अजून शटर नीट लागत नव्हतं आणि लोक पिशव्यांतून, तांदळाच्या डब्यातून, परातीतून भिजलेले फोटो आणत होते. एकमेकांना चिकटलेले फोटो कोरडे असताना कधीही ओढून सुटे करू नयेत. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. तो भिजला की फुगतो, आणि सुकताना समोर जे असेल त्याला धरून बसतो. असे गठ्ठे स्वच्छ गार पाण्यात ठेवायचे, आपोआप सुटू लागले की एकेक काढायचा आणि चित्र वर ठेवून सावलीत सुकवायचा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो तर सोडवायलाच जाऊ नये, काचेसकट स्कॅन करावा. आण्णांच्या काळातले कृष्णधवल फोटो बरेच तगले. इंकजेटवर काढलेले रंगीत फोटो मात्र पाण्यात विरघळूनच गेले. पुढचं दीड वर्ष आमच्याकडे हेच काम मुख्य होतं.

कामाचा ढीग एवढा झाला की 2022 च्या शेवटी नव्या फोटोशॉपची सात दिवसांची फुकट चाचणी घेतली. जाहिरातीतली उदाहरणं बघून काही ठरवायचं नाही, आपलीच अडलेली कामं त्यात टाकून बघायची, असं आम्ही आधीच ठरवलं होतं. सीआर3 फाइल थेट उघडल्या. निव्वळ तेवढ्यासाठी यजमानांचं मत पक्कं झालं. नवरीला मागच्या पडद्यापासून वेगळं करायला पेन टूलने मला वीस मिनिटं लागायची, ते काही सेकंदांत झालं. मुंडावळ्यांच्या लोंबत्या माळा मात्र यंत्राने कापून टाकल्या, त्या हाताने परत आणाव्या लागल्या. युनिकोड मराठी नीट बसलं, 'चि.'सुद्धा. जुने अल्बम उघडायचे तर श्रीलिपीचे फॉन्ट ठेवावेच लागणार होते. एकरकमी मिळणारं दुसरं एक सॉफ्टवेअरही पाहिलं होतं. त्यात जोडाक्षरं तुटत होती, म्हणून तो विषय तिथेच संपला.

पाचव्या दिवशी जुन्या फोटोंची पाळी आली. नव्या आवृत्तीत जुने फोटो आपोआप दुरुस्त करणारं न्यूरल फिल्टर आलेलं होतं. गोवळकोटच्या एका आजींनी आपल्या यजमानांचा एकुलता एक फोटो दिला होता. बुरशीने डावा गाल खाल्लेला, एक डोळा अर्धा. तो मी फिल्टरमध्ये टाकला. मिनिटभरात भेगा गेल्या, डाग गेले, गाल भरला, डोळा पुरा झाला. मी खूश होऊन लगेच प्रिंट काढली.

दुसऱ्या दिवशी आजी आल्या. फोटो हातात घेतला, चष्मा वर करून डोळ्यांजवळ नेला, पुन्हा लांब धरला. म्हणाल्या, "छान झालाय ग. पण हे आमचे नाहीत."

मी मूळ स्कॅन मोठा करून बघितला. उजव्या गालावर, जिथे फोटो धड होता तिथे, देवीचे वण होते. यंत्राने त्यांना फोटोवरचे डाग समजून पुसून टाकलं होतं. आणि डाव्या गालाचं जे भरलं होतं ते कुणाचंच नव्हतं. तो एक गुळगुळीत, पुस्तकातला गाल होता. आण्णा आता ऐंशीच्या पुढे आहेत, दुपारी दुकानात येऊन बसतात. त्यांना स्क्रीन दाखवली. त्यांनी एवढंच विचारलं, "तू विचारलं होतंस का त्यांना?"

मी विचारलं नव्हतं.

तो फोटो मी सीएस6 वर पुन्हा केला. क्लोन स्टॅम्पने, म्हणजे फोटोचा एक भाग हाताने उचलून दुसरीकडे उमटवत; दोन संध्याकाळी लागल्या. उजव्या गालाचा पोत डावीकडे नेला, वणांसकट. डोळ्याचा जो अर्धा भाग उरला होता तो तसाच ठेवला आणि उरलेल्या ठिकाणी फक्त करडा रंग मिसळवला, नवा डोळा काढला नाही. आजींनी तो नेला. त्या काही बोलल्या नाहीत, पदराने काच पुसली आणि पिशवीत ठेवला.

सातव्या दिवशी निर्णय घेतला. भाडं एकाच कॉम्प्युटरसाठी सुरू केलं, जिथे लग्नाची कामं होतात. लग्नाचं काम वेगावर चालतं आणि तिथे भाडं वसूल होतं. काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर सीएस6 च राहिलं. 35 गुणिले 45 मिलिमीटरचे पासपोर्ट फोटो आणि परीक्षेच्या फॉर्मसाठी 20 ते 50 केबीत बसवायचे फोटो, याला त्याहून जास्त काही लागत नाही. जुन्या फोटोंवर ते फिल्टर सरसकट वापरायचं नाही. भेगा आणि धूळ काढायला कधीमधी घेते, पण वेगळ्या लेयरवर आणि चेहरा झाकून. प्रत्येक पूर्ण कामाची सगळे लेयर एकत्र केलेली एक सपाट टिफ प्रत बाजूला ठेवते. उद्या भाडं भरणं जमलं नाही तरी ती कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडेल. हार्डडिस्क आता दोन आहेत, एक इथे वर आणि एक रत्नागिरीला नणंदेकडे.

कुणी छोटा स्टुडिओवाला मला विचारतो, "ताई, अपग्रेड करू का?" तेव्हा मी त्याचा कॅमेरा विचारते, महिन्याची लग्नं विचारते आणि सांगते की तुझं सगळ्यात नडलेलं काम घेऊन चाचणीला बस. चाचणीचे सात दिवस कामाच्या आठवड्यातच घे, पितृपक्षात नको.

आम्ही पाकिटं मात्र नव्याने छापून घेतली. नाव, साइझ, प्रती, तारीख या रकान्यांखाली आता आणखी एक ओळ आहे: वण, तीळ, सुरकुत्या – ठेवायच्या / काढायच्या. अक्षरांचा नमुना आण्णांनी लिहून दिला.