कॉस्टिक १०२ टक्के शुद्ध!

जूनमध्ये मी घरी खोबरेल आणि शेंगदाणा तेलाच्या साबणाची एक बॅच केली होती. दीड महिना झाला तरी वडी बोटाला तेलकटच लागते, आणि गेल्या आठवड्यात दोन वड्यांवर नारिंगी ठिपके आले. वास घेतला तर जुन्या फरसाणाच्या डब्याचा. सुपरफॅट (साबण न होता मुद्दाम उरू दिलेलं तेल) मी ५ टक्के धरलं होतं, मग इतकं तेल उरलं कुठून?

संशय कॉस्टिकवर, म्हणजे तेलाचा साबण करणाऱ्या सोडियम हायड्रॉक्साइडवर. डबा दिवाळीपासून उघडलेला. परळच्या आमच्या घरात जुलैत मीठसुद्धा बरणीतून सुटं निघत नाही, तिथे कॉस्टिक कसलं कोरडं राहतंय! ओल तर धरतंच, शिवाय हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून थोडा भाग धुण्याचा सोडा होऊन बसतो, आणि त्या सोड्याने तेलाचा साबण होत नाही. म्हणजे काट्यावर १० ग्रॅम दिसलं तरी कामाचं नक्की किती, ते मोजायला हवं.

शनिवारी बसलो. ब्युरेट (द्रावण थेंब-थेंब मोजायची खुणांची नळी) नाही, म्हणून सगळं वजनावर. १० ग्रॅम कॉस्टिक डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून (कॉस्टिक पाण्यात घालायचं, पाणी कॉस्टिकवर नाही, चष्मा आणि हातमोजे चढवून) द्रावण बरोबर १०० ग्रॅम केलं आणि ड्रॉपरच्या बाटलीत भरलं. दुसरीकडे १.०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड ५० मिली पाण्यात, वर स्पिरिटमध्ये भिजवलेल्या हळदीचे चार थेंब. आम्ल पुरतं मारायला किती लागतं ते बघत थेंब-थेंब कॉस्टिक टाकत जायचं आणि आधी-नंतर बाटली काट्यावर ठेवायची. थेंब साधारण ०.०५ ग्रॅमचा, त्यामुळे चूक झाली तरी एका टक्क्याच्या आत.

पिवळं पाणी बराच वेळ हूं की चूं करत नाही. मग थेंब पडतो तिथे लालसर ढग उठतो, ढवळलं की विरतो. शेवटी एका थेंबाला सगळं पाणी तांबूस होतं आणि अर्धा मिनिट तसंच राहतं, म्हणजे आम्ल संपलं. हळदीच्या डागावर साबण लागला की होतो, तोच रंग. आई मागून म्हणाली, "अरे, कुंकू करायला घेतलंस की काय?" चूक नाही तिचं, हळदीला चुना लावून कुंकू होतं ते याच गुणावर.

तीन वेळा केलं: ६.१२, ६.१५, ६.१० ग्रॅम. सरासरी ६.१२.

आता हिशेब. सायट्रिक ॲसिडच्या एका रेणूत तीन आम्लधर्मी हायड्रोजन, म्हणून त्याला कॉस्टिकचे तीन रेणू लागतात. ३ गुणिले ४० (कॉस्टिकचा रेणुभार), भागिले १९२.१२ (सायट्रिकचा), म्हणजे एका ग्रॅमला ०.६२५ ग्रॅम. दहा टक्क्यांच्या द्रावणाचे ६.२५ ग्रॅम लागायला हवे होते, लागले ६.१२. म्हणजे माझं ओलं, जुनं कॉस्टिक १०२ टक्के शुद्ध!

तासभर काट्याला शिव्या घातल्या. दोन रुपयांचं नाणं ठेवून पाहिलं, नवं बॅटरी सेल टाकलं. रात्री जेवताना सहज प्रिन्सेस स्ट्रीटवरून आणलेली सायट्रिकची बाटली फिरवली, तर लेबलावर बारीक अक्षरात मोनोहायड्रेट, रेणुभार २१०.१४. दर रेणूमागे एक पाणी चिकटलेलं. १९२.१२ हा निर्जल सायट्रिकचा आकडा, आणि मी दोन वर्षं तोच डोळे झाकून वापरतोय. दोष सर्वस्वी माझा.

पुन्हा मांडलं: १२० भागिले २१०.१४, म्हणजे ०.५७१. लागायला हवे ५.७१, लागले ६.१२. कॉस्टिक ९३.३ टक्के. (त्यातला सोडा हळदीला अर्धवट भुलवतो, म्हणजे खरा आकडा किंचित खालीच असणार.)

जूनची बॅच याच आकड्याने तपासली. दर ग्रॅम तेलाचा साबण व्हायला किती ग्रॅम कॉस्टिक लागतं, त्या आकड्याने तेलाला गुणायचं. खोबरेल ३०० ग्रॅम गुणिले ०.१८३, शेंगदाणा २०० गुणिले ०.१३६, मिळून ८२.१ ग्रॅम कॉस्टिक. ५ टक्के सुपरफॅटला ७८. शिवाय बॅचमध्ये १० ग्रॅम सायट्रिकही होतं, ते जेवढं कॉस्टिक खाईल त्यासाठी मी ६.२५ जास्त घातलं होतं, एकूण ८४.२५. त्यात खरं कॉस्टिक ७८.६, सायट्रिकने ५.७ खाल्लं, तेलाला उरलं ८२.१ पैकी ७२.९. सुपरफॅट ५ नाही, ११! नारिंगी ठिपके उगाच नव्हते आले.

रविवारी तीच बॅच पुन्हा केली. ७८ अधिक ५.७१, भागिले ०.९३३, म्हणजे ८९.७ ग्रॅम. स्टीलच्या भांड्यात अर्थातच, ॲल्युमिनियमचं भांडं कॉस्टिक खातं आणि वर हायड्रोजन सोडतं. ट्रेस (ढवळताना मिश्रण दाट होऊ लागतं तो टप्पा) पटकन आला, दुसऱ्या दिवशी वड्या कडा न मोडता सुटल्या. जूनच्या अंगठ्याने दबायच्या, या दबत नाहीत. वापरायला अजून चार-सहा आठवडे आहेत.

उरलेलं कॉस्टिक छोट्या घट्ट झाकणाच्या बरण्यांत वाटून ठेवलंय, प्रत्येकीवर तारीख आणि ९३.३. हळदीच्या स्पिरिटची बाटली मात्र आईने स्वयंपाकघरातून हद्दपार केली आहे. सध्या ती चपलांच्या कपाटात राहते.