स्ट्रँडच्या पोटात

"मामा, ते दुकान नाही, स्टेशन आहे," भाची म्हणाली आणि मी परत वळून पाहिलं. लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावर वाळलेल्या रक्तासारख्या गडद लाल टाइल्सची बुटकी इमारत होती आणि तिच्यावर ठसठशीत अक्षरांत 'स्ट्रँड स्टेशन' असं लिहिलेलं. भाची लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये, म्हणजे एलएसईत शिकते. ज्या संस्थेत बाबासाहेब शिकले तिथे आधी जाऊन आलो होतो आणि तिथून हे स्टेशन चालत पाचेक मिनिटांवर निघालं.

भुयारी रेल्वेचं हे स्टेशन उघडलं 1907 साली, 1915 मध्ये त्याचं नाव ऑल्डविच झालं. होबर्न स्टेशनपासून निघणाऱ्या इवल्याशा फाट्याचं हे शेवटचं टोक. प्रवासी कधी फारसे मिळालेच नाहीत. 1922 पासून तर तिकिटंसुद्धा लिफ्टमध्येच मिळायची. त्याच 1907 च्या लिफ्ट शेवटपर्यंत चालवल्या. त्या बदलायचा खर्च 30 लाख पौंडांच्या घरात जायला लागला, तेव्हा 30 सप्टेंबर 1994 ला स्टेशनला कुलूप लागलं.

आता लंडन ट्रान्सपोर्ट म्युझियम तिकीट लावून आत नेतं. लिफ्ट बंद, त्यामुळे 160 पायऱ्यांचा गोल जिना उतरायचा. खाली हवा थांबलेली, गार. आणि फलाटाला चक्क गाडी लागलेली! 1972 च्या बनावटीची ही गाडी शूटिंगसाठीच इथे ठेवलेली आहे. रूळ आहेत, वीज आहे, गाडी पुढेमागे करता येते आणि एकही प्रवासी मध्ये येत नाही. चालू मार्गावर रात्रीचे जेमतेम काही तास मिळतात, इथे दिवसभर काम करा. सिनेमावाल्यांना आणखी काय हवं? 'व्ही फॉर व्हेंडेटा'तली भुयारी गाडी इथलीच. 'द प्रॉडिजी' या बँडच्या 'फायरस्टार्टर' गाण्याचा तो काळापांढरा व्हिडिओही 1996 मध्ये इथल्याच बोगद्यात झाला. भाचीच्या वयाच्या मुलांना हे नाव 'टूम रेडर 3' या गेममुळे माहीत असतं, असं तीच म्हणाली.

मला मात्र भिंतींनी धरून ठेवलं. गोल भिंतीवर मलईच्या आणि हिरव्या रंगाच्या टाइल्स, काही तडकलेल्या, काहींवर जुन्या डिंकाचे तपकिरी ओघळ. त्यावर पोस्टरं. काही खरी जुनी, काही शूटिंगवाल्यांनी चिकटवून तशीच सोडलेली. एका पोस्टरचा कोपरा सुटून वळला होता आणि त्याखालून दुसऱ्याच कागदाची कड दिसत होती. यातलं खरं कुठलं, ते मी वाकून वाकून बघत राहिलो आणि मला ओळखता आलं नाही. कला-दिग्दर्शकाच्या कामाबद्दल इतका आदर मला आजवर थिएटरात बसून कधी वाटला नव्हता.

मग गाइडबाईंनी युद्धाचं सांगितलं. 1940 ते 1946 गाड्या बंद होत्या. बॉम्बवर्षावात लोक अंथरुणं घेऊन इथे झोपायला यायचे आणि ब्रिटिश म्युझियमच्या ठेवी, अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराची शिल्पंसुद्धा, बोगद्यात सुरक्षित ठेवली होती. आणि 'अटोनमेंट' या सिनेमातलं लंडनचं बॅलहॅम स्टेशन म्हणजे हेच, असं त्या म्हणाल्या तेव्हा माझ्या पोटात कालवलं. बॅलहॅमला 14 ऑक्टोबर 1940 च्या रात्री वरच्या रस्त्यावर बॉम्ब पडला, पाण्याची मोठी नळवाहिनी फुटली आणि पाणी, चिखल, खडी सगळं आसऱ्याला आलेल्या माणसांवर कोसळलं. साठाहून अधिक माणसं गेली. जिथे माणसं वाचली त्या फलाटाला, जिथे ती बुडाली त्या फलाटाचं सोंग घ्यावं लागलं. बॅलहॅममधून आजही गाड्या धावतात, तिथे एवढं शूटिंग कसं करणार? कारण इतकं साधं आहे, तरी ते माझ्या डोक्यातून जाईना.

जिना चढताना आम्ही दोघंही गप्प होतो. रात्री भाचीच्या खोलीवर खिचडी खाऊन झाल्यावर तिने लॅपटॉपवर तो सिनेमा लावला. फलाटावर ओळीने झोपलेली माणसं आली तशी मी तिला थांबवायला सांगितलं आणि स्क्रीनजवळ सरकलो. वरची गोलाई ओळखीची होती. "दुपारी आपण इथेच उभे होतो ना गं?" तिने मान हलवली आणि पाणी यायच्या आत लॅपटॉप मिटला.