सिमारॉन स्ट्रीटचे घर : लसणाच्या माळा अखेर दारावर चढल्या

रिचर्ड मॅथेसनच्या ‘आय ॲम लेजंड’ या रक्तपिपासूंच्या (व्हॅम्पायर) कादंबरीतला नायक नेव्हिल दारावर लसूण टांगून त्यांना दूर ठेवतो; त्याच्या घराचा डायोरामा, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाचा (१:३५) छोटा देखावा, मी करतो आहे. मागच्या नोंदीत ज्या लसणापाशी सगळे काम अडले होते, तो आता नेव्हिलच्या दारावर लटकतो आहे आणि १:३५ मापातही तो लसूणच वाटतो. या नादात दोन्ही बाजूंच्या जळक्या घरांचे ढिगारे मात्र जसेच्या तसे पडून आहेत.

या दृश्याचे जे डायोरामा आजवर पाहिले, त्यांतल्या बहुतेकांत दारावर अख्ख्या गड्ड्यांच्या वेण्या असतात. गड्डा चार-साडेचार सेंटिमीटरचा धरला तर आपल्या मापात तो सव्वा मिलिमीटरचा होतो आणि राजगिऱ्याच्या दाण्यावर भागते. पण मॅथेसनच्या १९५४ सालच्या ‘आय ॲम लेजंड’मधला नेव्हिल गड्डे टांगतच नाही. तो पाकळ्या सुट्या करतो, एकेक पाकळी मधोमध चिरतो, बर्फ फोडायच्या टोच्याने प्रत्येक अर्ध्या भागाला भोक पाडतो आणि ते सगळे तारेत ओवून पंचवीसेक माळा तयार करतो. अशी अर्धी पाकळी १:३५ मध्ये पाऊण मिलिमीटरही भरत नाही, आणि खरा छळ तिथे सुरू झाला.

राजगिरा अर्थातच बाद झाला. खसखस मापाने जवळ आली, पण तिच्या दाण्यावरची बारीक जाळी वॉशचा (पातळ केलेल्या रंगाचा) हात फिरताच उठून दिसते. एपॉक्सी पुट्टीचे तुकडे चिमट्यात धरताक्षणी चपटे होतात. शेवटी कामाला आला तो बारीक रवा, चहाच्या गाळणीतून चाळून घेतलेला. त्याचे कण ओबडधोबड असतात, कडा तुटक असतात, आणि मॅट वार्निश लागल्यावर त्यांना चिरलेल्या पाकळीसारखी जी पिवळट, किंचित पारदर्शक झाक येते, ती रंगाने साधली नसती. म्हणून रंग लावलेलाच नाही.

चिकटवणे हा वेगळाच प्रकार होता. सुपरग्लू तारेवरून धावत जाऊन कणांचा गोळा करतो, शिवाय त्याच्या वाफेने गडद दारावर पांढुरका थर बसतो, आणि दमट हवेत तर तो जास्तच. त्याऐवजी तारेवर ॲक्रिलिक वार्निश लावून, ते चिकट होईपर्यंत थांबून, तार रव्यात हलकेच लोळवली की कण अंतरा-अंतराने बसतात. तार जुन्या इअरफोनच्या वायरीतली आहे. ‘मायक्रो वायर’ या नावाखाली हॉबीच्या दुकानांत जे विकतात, ती माझ्या मते शुद्ध लूट आहे.

माळा दाराशी धरून पाहिल्यावर खिडक्यांचा बेत बदलला. बाहेरच्या रक्तपिपासूंनी दगड मारून काचा फोडल्या, त्यावर नेव्हिलने आधी प्लायवुड ठोकले आणि पुढे तेही काढून फळ्यांच्या सरळ रांगा मारल्या, असा क्रम कादंबरीत आहे. तेव्हा फटींतून उजेड पाझरवणारा पिवळा एलईडी मी काढून टाकतो आहे. दाराच्या झरोक्यापुरता पाव मिलिमीटर जाडीचा ऑप्टिकल फायबर पुरेल, कारण या मापात तो जवळपास नऊ मिलिमीटरचा होतो.

खरे तर हे लिहिता लिहिता तोही नकोसा वाटू लागला आहे. रात्रीचे दृश्य सगळेच करतात. कादंबरीच्या, जानेवारी १९७६ मध्ये घडणाऱ्या पहिल्याच प्रकरणात दारावरचा आरसा तडकलेला आहे, त्याचे तुकडे काही दिवसांत गळू लागतील, आणि पुन्हा आरसा लावायचा नाही, तिथे लसूणच टांगायचा, असे नेव्हिल ठरवतो. याच कादंबरीवरच्या १९६४ च्या, रोममध्ये चित्रित झालेल्या चित्रपटाने निदान आरसा आणि लसूण दोन्ही राखले. २००७ च्या चित्रपटाने कथा न्यूयॉर्कला नेली आणि लॉस एंजेलिसमधले हे साधे घरच गेले. म्हणून आता दिवसाचेच दृश्य करावे म्हणतो : अर्धा आरसा दारावर, तुकडे पायरीवर, आणि खिळ्याला पहिली माळ.

आरशासाठी क्रोम स्टिकर आणून ठेवला होता, पण त्याला फुटलेली कड येत नाही. सूक्ष्मदर्शकाच्या कव्हरस्लिपची जाडी सुमारे ०.१५ मिलिमीटर असते, म्हणजे आपल्या मापात पाच मिलिमीटर, घरगुती आरशाइतकीच. मागून क्रोम रंग मारून ती कापडाखाली फोडायची, असा विचार आहे. रंग आधी मारावा की फोडल्यानंतर, याचा कोणाला अनुभव असल्यास अवश्य कळवावे. कव्हरस्लिपची डबी मागवली आहे.