हत्ती हौदाच्या काठावरचा तास

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं निमंत्रण हाती पडलं आणि इतिहासाच्या बाई डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या. सगळ्याच गुरुजनांचं ऋण आहे. पण लिहायला बसलो की बाईंपलीकडे लेखणी सरकत नाही.

सातवीत असताना आमची मधली सुट्टी कमी झाली. आम्ही पोरांनी व्हरांड्यात ‘तुघलकी कारभार!’ असा गिल्ला केला. बाईंनी तो ऐकला. रागावल्या नाहीत, वर्गात येऊन म्हणाल्या, “कोण होता रे तो? कुणाचं काय वाईट केलं त्यानं?” ‘लहरी होता’ यापुढे कुणाची गाडी जाईना. त्या वर्षीची सहल बाईंनी दौलताबादला नेली.

हत्ती हौदाच्या काठावर, डबे उघडण्याआधी, बाई बोलू लागल्या. १३२७ च्या सुमाराला महंमद तुघलकानं राजधानी दिल्लीहून इथं देवगिरीला आणली. दख्खनवर पकड ठेवायला जागा मोक्याची, हे बाईंनी किल्ल्याकडे बोट दाखवून पटवलं. मग म्हणाल्या, “आता चालणाऱ्यांचा विचार करा. म्हातारी माणसं, कडेवरची पोरं, आणि दिल्लीपासून इथवरची वाट.” गंगा-यमुनेमधल्या दुआबात दुष्काळ असताना करवसुलीचा तगादा, चांदीच्या मोलानं चालवलेली तांब्या-पितळेची नाणी आणि लोकांनी घरोघरी पाडलेली तसलीच खोटी नाणी, सगळं सांगितलं. एका आंधळ्याला दिल्लीहून फरफटत आणलं आणि त्याचा फक्त पाय पोचला, ही मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता यानं लिहिलेली गोष्ट ऐकून आम्ही गप्प झालो. बाई लगेच म्हणाल्या, “बतूता दिल्लीत आला १३३४ साली. म्हणजे ही ऐकीव गोष्ट. जुलूम खरा होता, पण प्रत्येक गोष्ट पारखून घ्यायची.” सुलतान विद्वान होता, तर्कशास्त्राचा जाणकार होता, हेही त्यांनी लपवलं नाही. एवढा शहाणा माणूस लोकांना न विचारता हुकूम सोडत गेला, याचीच त्यांना चीड होती.

पुढे मी महसूल खात्यात लागलो, उपजिल्हाधिकारी म्हणून निवृत्त झालो. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाच्या कागदावर सही करण्याआधी नव्या गावठाणात पाणी आहे का, हे स्वतः जाऊन पाहायचो. ती सवय बाईंची.

हल्ली सातवीची सहल वॉटर पार्कला जाते असं कळलं. फार वाईट वाटलं. मुख्याध्यापकांना कळवलं आहे: सहल पुन्हा दौलताबादला न्या, दरवर्षीच्या एसटीचं भाडं मी भरीन. बाईंच्या नावानं ही सहल यंदाच्या डिसेंबरापासूनच सुरू व्हावी, एवढीच विनंती.