पाट द्यायला गेले आणि अख्खा दिवस गणपतीच्या शाळेत गेला

नागपंचमी तोंडावर आलीय, म्हणून आज सकाळीच कुडाळहून एसटी पकडून माहेरी गेले, काम एकच होतं, घरचा पाट गणपतीच्या शाळेत पोचवायचा. दरवर्षी दादा जातो पण यंदा त्याला मुंबईहून सुट्टी नाही मिळाली, मग मी आणि भाचा निघालो, भाचा पाचवीत आहे, पाट त्यानेच धरला, मला हात लावू दिला नाही.

घाटावरच्या मैत्रिणींना हे दरवेळी नव्याने सांगावं लागतं. आमच्याकडे मूर्ती जिथे घडतात त्या जागेला गणपतीची शाळा म्हणतात, कुणाची पडवी असते, कुणाचा मांगर, कुणी पावसापुरता पत्रा घालून घेतो. घराघरातून पाट येतात, मूर्ती त्या पाटावरच बसते आणि चतुर्थीला पाटासकट घरी येते. पाटाच्या खालच्या बाजूला ऑइलपेंटने घराचं नाव असतं. आमच्या पाटावर आजोबांच्या वेळचं नाव आहे, अर्धं उडालंय, तरी शाळेतल्या मूर्ती घडवणाऱ्या आबांना ते वाचायची गरज पडत नाही, पाट बघूनच त्यांना कळतं कुणाचा गणपती, सिंहासनावरचा की उंदरावरचा, सोवळं पिवळं की लाल, उंची केवढी.

"पाट हाडलंस काय गो? दादा खय?" एवढं विचारून ते परत कामाला लागले. मला वाटलं होतं पाट देऊन चहा पिऊन अकराच्या गाडीने परत, पण भाचा चप्पल काढून थेट आत शिरला आणि मातीच्या गोळ्यासमोर मांडी घालून बसला सुद्धा. आत दहाबारा पोरं होती, दोन मुलीही होत्या, मला ते बघून फार बरं वाटलं, आमच्या लहानपणी मुली दारातूनच बघायच्या. कुणी कुणाला शिकवतंय असं काही दिसत नव्हतं, फळा नाही, तास नाही, पण प्रत्येकाच्या हातात काही ना काही काम होतं आणि ते खरं काम होतं, नुसतं गंमत म्हणून दिलेलं नाही.

नवीन पोराला आधी माती. शाडू भिजत घातलेला असतो, तो काढायचा, खडे वेचायचे, मळायचा, त्यात थोडा पिंजलेला कापूस घालून परत मळायचा म्हणजे सुकताना भेगा कमी पडतात. कापूस सगळीकडे सारखा गेला पाहिजे, एका जागी पुंजका राहिला तर तिथेच बोंब. मग उंदीर. सगळ्यांची सुरुवात उंदरापासून. फळीवर उंदरांची रांग होती, एकाचे कान मोठे, एकाचं पोट सुटलेलं, एक अगदी मांजरासारखा, आणि आबा त्यातले बरे निवडून खरोखर मूर्तीपाशी लावतात, म्हणजे पाचवीतल्या पोराचा उंदीर कुणाच्या तरी देवघरात आरती घेतो. त्या पोराला काय वाटत असेल याची मला कल्पना आहे कारण भाच्याचा उंदीर मागच्या वर्षी वाडीतल्या एका घरी बसला होता आणि हा दिवसातून दोनदा तिकडे चक्कर मारत होता.

आज त्याला पहिल्यांदा कान मिळाला.

हे मी अगदी बाजूला बसून बघितलं म्हणून नीट लिहून ठेवते. मूर्तीचं धड साच्यातून काढून पाटावर उभं केलेलं होतं, हात सोंड लागलेली, कान बाकी. आबांनी कानाच्या आकाराची मातीची पातळ चकती त्याच्या हातात दिली आणि बांबूची कोरणी दिली. त्याने डोक्याच्या बाजूला जिथे कान बसणार तिथे कोरणीने आडव्या उभ्या रेघा मारल्या, तशाच कानाच्या कडेला मारल्या, मग वाटीतली दह्याएवढी पातळ माती बोटाने दोन्हीकडे लावली आणि कान चिकटवायला गेला तर आबा म्हणाले, "थांब रे मेल्या. दोनय सारखी ओली होवक व्हयी, नायतर कान पडतलो." डोकं सकाळपासून उघड्यावर, ते जरा सुकलेलं, कान ताजा ओला. ओली माती सुकताना आकसते, सुकलेली आधीच आकसून बसलेली असते, दोघींची ओढ वेगळी, मग सांध्यात फट पडते, आज नाही दिसत, आठ दिवसांनी दिसते. म्हणून आधी डोक्याला ओलं फडकं लावून ठेवलं, पोरगं ते फडकं धरून बसलं, एरवी जेवायला दहा मिनिटं बसत नाही, इथे गप्प. मग कान लावला, अंगठ्याने मागून दाबला, पाण्याचं बोट फिरवून सांधा पुसला. आबांनी मान वाकडी करून बघितलं, कानाच्या पाळीला स्वतःचं बोट एकदाच लावलं आणि म्हणाले "जमला." बस, एवढंच. तो आनंद त्याच्या तोंडावर मावत नव्हता.

पंखा मुद्दाम बंद होता. मी घामाने भिजले तेव्हा आबांचा नातू म्हणाला आत्या, पंखा लावला तर मूर्ती वरून सुकते, आतून ओलीच राहते आणि भेग जाते. आमचा पाऊस म्हणजे तुम्हाला माहितीय, कपडे चार चार दिवस सुकत नाहीत, त्यात ही माती हळूहळू सुकवायची आणि तरी तारखेला तयार ठेवायची, चतुर्थी काही कुणासाठी थांबत नाही. नातू आर्ट कॉलेजला शिकतो, या दिवसांत सुट्टी काढून येतो, तो म्हणाला कॉलेजात ॲनाटॉमी शिकलो पण माती किती ओली आहे ते हाताला कळणं इथेच आलं.

दुपारी जेवून (वहिनीने डबा पाठवला होता, आबांच्या घरून सोलकढी आली) मोठी पोरं कोपऱ्यात डोळ्यांचा सराव करत बसली. मूर्तीला डोळे फक्त आबा काढतात, रंग सगळा झाल्यावर, शेवटी. पोरांना पाटी मिळते, लिहायची जुनी दगडी पाटी, त्यावर ब्रशने डोळ्याची वरची रेघ ओढायची, नाकाकडून कानाकडे, एका दमात, मधे ब्रश उचलायचा नाही. पुसायची, परत ओढायची. दहावीतला एक मुलगा तीन वर्षं पाटीवरच आहे असं कळलं, तो वैतागलेला वगैरे अजिबात नव्हता. "हात बसाक व्हयो," आबांचं एवढंच म्हणणं.

हे सगळं बघताना डोक्यात सावंतवाडीचा गंजिफा फिरत होता, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते. १९७० च्या दशकात ती कला जवळजवळ संपलीच होती, तेव्हा राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी स्वतः एका म्हाताऱ्या चिताऱ्याजवळ बसून शिकले आणि मग राजवाड्यात इतरांना शिकवून कामाला बसवलं. आजही राजवाड्यात गेलं की कारागीर दशावतारी गंजिफाची गोल पानं रंगवताना दिसतात, एका संचात १२० पानं, दहा अवतार आणि प्रत्येकाची बारा, राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. तो एक जाणता माणूस जिवंत होता आणि त्याच्या शेजारी बसायला कुणीतरी गेलं, म्हणून हे आज आहे. दहा वर्षं उशीर झाला असता तर पुस्तकातली चित्रं बघून पानं करता आली असती कदाचित, पण हात कुठून आणणार. आमच्या कुडाळजवळच्या पिंगुळीतही तसंच. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, सगळ्यांनी पेपरात फोटो बघितला, पण त्याच्या कितीतरी आधी त्यांनी स्वतःच्या गोठ्यात ठाकर आदिवासी कला आंगण उभं केलं होतं, चित्रं दाखवत कथा सांगायच्या चित्रकथीच्या पोथ्या, चामड्याच्या बाहुल्या, कळसूत्री बाहुल्या सगळं जपून ठेवलं आणि मुलांना त्यात वाढवलं. मुलं घरात ते ऐकत ऐकत मोठी झाली म्हणून कथा सांगताना चित्र कधी उचलायचं ते त्यांना शोधावं लागत नाही.

मागे एका शहरात मी असल्याच कलेचं दोन दिवसांचं वर्कशॉप केलं होतं, सर्टिफिकेट मिळालं, शिकवणारे जीव तोडून शिकवत होते, त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण तिथे मी जे केलं त्याची कुणी वाट बघत नव्हतं. इथे त्या कानाची एक घर वाट बघतंय. माझ्या मते सगळा फरक तिथे आहे, आणि म्हणूनच मला शाळेतल्या भिंतीशी लावलेले पाट बघून कसंतरी झालं, मी लहान होते तेव्हा पाट ठेवायला जागा नसायची, आता भिंत दिसते. लोक तयार मूर्ती आणतात, हलकी असते, चकचकीत असते, एका फेरीत काम होतं, मुंबईहून आदल्या रात्री येणाऱ्या माणसाची अडचण मला कळते. पण पीओपीची मूर्ती पाण्यात विरघळत नाही हे आपण दरवर्षी विसर्जनानंतर व्हाळात (ओढ्यात) बघतो, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या नियमावलीत पीओपी नको म्हणून स्पष्ट लिहिलं, पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या, त्यात मी पडत नाही. माझं दुखणं दुसरं आहे. पाट कमी झाले की कान कमी, उंदीर कमी, मग पोरांना द्यायला काम नाही, आणि काम नसेल तर पोरं नुसती बघायला किती दिवस येतील? शाडूची पोती गुजरातहून यायची, महाग पडतात, आबा तरीही पोरांच्या हातून बिघडलेली माती फेकत नाहीत, परत भिजत घालतात, पण ऑर्डरच नसतील तर तेही काय करणार.

वहिनीचं म्हणणं वेगळं आहे आणि तेही खोटं नाही. संध्याकाळी ती म्हणाली ताई, घटक चाचणी आलीय, हा शाळा सुटली की तिकडे पळतो, गणिताची वही कोरी आहे. बराच वेळ बोललो आम्ही. शेवटी असं ठरलं की रोज एक तास, गृहपाठ आधी, आणि शनिवारी अर्धी शाळा असते तेव्हा दुपारी हवा तेवढा वेळ. भाचा लगेच कबूल झाला, कान सुकताना बघायला त्याला उद्या जायचंच होतं.

त्याच्या शाळेतले चित्रकलेचे सर माझ्या ओळखीचे निघाले, परत येताना बसमधूनच त्यांना फोन केला की एखाद्या शनिवारी पाचवी सहावीची मुलं आबांकडे आणता येतील का, नुसती सहल नको, चार शनिवार सलग, म्हणजे निदान प्रत्येकाचा एक उंदीर तरी होईल. सर म्हणाले मुख्याध्यापक बाईंना विचारतो, नागपंचमी झाली की कळवतो. मी आबांच्या नातवाला मेसेज टाकून ठेवलाय की दोन पोती शाडू जास्तीची सांग, पैसे मी देते.